पावाची रांग आणि नभोवाणी : महामंदीच्या दशकातील डेट्रॉईट

अमेरिकेतील महामंदीचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारापासून केला जातो. २९ ऑक्टोबर १९२९ रोजी तेथील भाव कोसळले, आणि पुढील दहा-बारा वर्षांचे सारे दुःख जणू त्या एका मंगळवारच्या पोटी जन्मास आले, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. ती कितपत ग्राह्य आहे याचा निवाडा अर्थशास्त्रज्ञांनी करावा. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या देशात गव्हाची कोठारे भरलेली होती आणि डुकरांचे मांस विकले जात नव्हते, त्याच देशात माणसे उपाशी राहिली. त्या उपाशी माणसाकडे त्याच्या शेजाऱ्याने, नगरपालिकेने आणि धर्मगुरूने कोणत्या नजरेने पाहिले, हा तो प्रश्न होय. संबंध अमेरिकेविषयी तो विचारू गेल्यास उत्तर फार सैल मिळते. म्हणून या लेखात आम्ही एकाच शहराची निवड केली आहे.

मिशिगन राज्यातील डेट्रॉईटची लोकसंख्या १९०० साली सुमारे २ लाख ८५ हजार होती. १९३० च्या खानेसुमारीत ती १५ लाख ६८ हजारांवर गेली. ही वाढ मोटारींच्या कारखान्यांनी घडविली. पोलंड, हंगेरी, इटली येथून आलेले कॅथलिक शेतकरी, दक्षिणेकडील कापसाची शेते सोडून आलेले कृष्णवर्णीय आणि तितकेच दरिद्री गोरे, मेक्सिकोहून आलेले मजूर, असा हा समाज होता. एक पिढी उलटण्यापूर्वीच ही सारी मंडळी यंत्राच्या पट्ट्यासमोर येऊन उभी राहिली. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली आणि जगभर त्यांच्या औदार्याचा डंका वाजला. त्या पाच डॉलरांमागची अट मात्र आमच्याकडील वाचकांस फारशी ठाऊक नसते. त्यातील मोठा हिस्सा नफ्याचा वाटा म्हणून दिला जाई, आणि तो मिळण्यासाठी कामगार ‘लायक’ ठरावा लागे. कंपनीचे तपासनीस त्याच्या घरी जात. घर स्वच्छ आहे काय, नवराबायकोचे पटते काय, तो दारू पितो काय, बँकेत काही शिल्लक टाकतो काय, घरात भाडेकरू ठेवले आहेत काय, याची नोंद होई. या तपासणीखात्याचे प्रमुखपद १९१५ पासून कोणाकडे होते? डेट्रॉईटच्या एपिस्कोपल कॅथीड्रलचे डीन सॅम्युएल मार्क्विस यांच्याकडे. हेतू निर्मळ ठेवूनच ते तेथे गेले, आणि १९२१ मध्ये बाहेर पडल्यावर त्यांनी फोर्ड यांच्यावर परखड पुस्तकही लिहिले. परंतु गरिबाची लायकी तपासण्याचे काम कारखानदाराने एका धर्मगुरूकडे सोपवावे आणि त्याने ते स्वीकारावे, ही गोष्ट आम्हांला पुढील सर्व हकिकतीची प्रस्तावना वाटते.

त्याच शहरात बेथेल इव्हँजेलिकल चर्चमध्ये १९१५ ते १९२८ या काळात राईनहोल्ड नीबूर हे तरुण पाळक सेवा करीत होते. पुढे न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत जाऊन ते विख्यात ईश्वरविद्यावेत्ते झाले. त्यांचा ‘नैतिक मानव आणि अनैतिक समाज’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १९३२ साली, ऐन मंदीत, प्रसिद्ध झाला. तो आमच्या सेमिनऱ्यांतून अनेकांनी अभ्यासला असेल. परंतु त्याची मुळे डेट्रॉईटच्या त्या धर्मग्रामात आहेत हे विसरले जाते. व्यक्ती म्हणून सज्जन असणारी माणसे समूह म्हणून निर्दय कशी होतात, हे नीबूर यांनी प्रथम आपल्या कामगार सभासदांच्या मजुरीच्या हिशेबात पाहिले. दिवसाला मिळणारे डॉलर सर्वांना दिसत. वर्षातून किती दिवस काम मिळाले हे कोणी विचारीत नसे. १९२७ साली फोर्ड कंपनीने जुन्या नमुन्याची मोटार बंद करून नव्या नमुन्याची तयारी चालविली, तेव्हा महिनोगणती हजारो कामगार घरी बसले आणि त्यांचा भार शहराच्या धर्मादाय संस्थांवर पडला. शेअरबाजार कोसळण्यास तेव्हा अजून दोन वर्षांचा अवकाश होता.

त्यानंतर जे घडले त्याचे आकडे थोडक्यात देतो. १९२९ साली अमेरिकेत ५३ लाखांवर मोटारगाड्या तयार झाल्या. १९३२ साली सुमारे १३ लाख. फोर्ड कंपनीतील कामगारांची संख्या मार्च १९२९ मध्ये १ लाख २८ हजार होती, ती ऑगस्ट १९३१ मध्ये ३७ हजारांवर आली. १९३३ साली देशातील दर चार कामगारांमागे एक, म्हणजे सुमारे १ कोटी २८ लाख लोक, बेकार होते. डेट्रॉईटमध्ये हे प्रमाण त्याहून बरेच अधिक होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातील सर्व बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. ज्यांनी तपासनिसांच्या सांगण्यावरून बँकेत शिल्लक टाकली होती, त्यांनाही आता ती मिळेना. नगरपालिकेने आपल्या नोकरांचे पगार छापील वचनचिठ्ठ्यांनी भागविले.

आकडे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या घरांतून काय घडत होते ते आकडे सांगत नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाला दारिद्र्य नवे नसते, आणि बेकार झालेल्या पोलिश वा हंगेरियन कामगाराने उपासमार पूर्वीही पाहिली होती. या वेळी नवी होती ती लाज. अमेरिकेत जो श्रम करील तो वर येईल, अशी त्या समाजाची श्रद्धा होती; ती जवळजवळ धर्मश्रद्धेच्या जागी बसली होती. साहजिकच जो खाली पडला त्याने आळस केला असला पाहिजे, असा उलट सिद्धांतही तिच्या पोटात होता. बेकाराने तो स्वतःवरच लागू केला. समाजशास्त्रज्ञ मिरा कोमारोव्स्की यांनी ५९ बेकार कुटुंबप्रमुखांच्या घरांचा अभ्यास करून १९४० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात काही घरांतून बापाचा शब्द कसा हळूहळू खाली पडत गेला याचे वर्णन आहे. नोकरी नसलेला बाप दिवसभर घरात दिसू लागला. मुले उत्तर देताना मान वर करू लागली. बायको दुसऱ्याची धुणी वा शिवणकाम करून चूल पेटवू लागली. देशातील विवाहांचे प्रमाण १९२९ साली दर हजारी दहाच्या किंचित वर होते, ते १९३२ साली आठाच्याही खाली गेले. घटस्फोटही कमी झाले. काही प्रवचनकारांनी हा कुटुंबनिष्ठेचा विजय मानला. वस्तुतः वकिलाची फी आणि दुसऱ्या खोलीचे भाडे देण्याची ऐपत नव्हती, हेही त्याचे कारण होते. मदतीचा अर्ज करावा तर पुन्हा तपासनीस दारात! या वेळी तो कंपनीचा नसून नगरपालिकेचा असे, इतकाच फरक. काही राज्यांच्या संविधानांत तर सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याचा मतदानाचा हक्क काढून घेणारी कलमे तेव्हाही शिल्लक होती.

या लाजेला सर्वच शरण गेले नाहीत. डेट्रॉईटने चहूबाजूंनी वेढलेल्या हॅमट्रॅमक या पोलिश वस्तीत जुलै १९३५ मध्ये गृहिणींनी मांसावर बहिष्कार टाकला. सरकारने १९३३ साली भाव टिकविण्यासाठी सुमारे ६० लाख डुकरांची कत्तल करविली होती, आणि आता मांस परवडेनासे झाले होते. मेरी झुक या कामगारपत्नीच्या नेतृत्वाखाली या बाया खाटकांच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या आणि भाव २० टक्के खाली आणा म्हणाल्या. बाजारातील भाव हा ईश्वरी नियम नसून मनुष्यांनी ठरविलेली गोष्ट आहे, हे पुष्कळ विद्वानांच्या आधी त्या स्त्रियांनी जाणले. पुढच्याच वर्षी झुक तेथील नगरसभेवर निवडून आल्या.

आणि धर्मसंस्था? ‘१९२५ ते १९३५ या काळात अमेरिकन धर्मजीवनालाही मंदी आली होती, आणि ती आर्थिक मंदीच्या आधीच सुरू झाली होती’ अशा आशयाचे मत इतिहासकार रॉबर्ट हँडी यांनी १९६० साली मांडले, ते आम्हांला पटते. संकटकाळी लोक देवाकडे वळतील ही अपेक्षा मोठ्या प्रतिष्ठित चर्चेसच्या बाबतीत फळली नाही. त्यांनी सुबत्तेशी इतकी सोयरीक जोडली होती की सुबत्ता गेल्यावर त्यांच्याकडे बोलण्यासारखे थोडेच उरले. जेथे गरीब स्वतःच गात, साक्ष देत आणि प्रार्थना करीत, तेथे मात्र गर्दी वाढली. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पेंटेकोस्टल मंडळीचे सभासद १९२६ ते १९३६ या दहा वर्षांत तिपटीने वाढले. दानपेट्या मात्र सर्वत्र आटल्या, आणि त्याची झळ थेट आपल्या प्रदेशापर्यंत पोहोचली. बेळगावचे कार्यक्षेत्र लंडन मिशनरी सोसायटीकडून १९०४ साली अमेरिकन मेथॉडिस्टांकडे आले होते. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या बोर्डाच्या अनुदानावर चाले. वडोदऱ्यातही मेथॉडिस्टांच्या संस्था होत्या. तिकडील कामगाराची वर्गणी थांबली की इकडील शाळामास्तर आणि सुवार्तिक यांच्या वेतनाला कात्री लागे. १९३२ साली प्रा. हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील प्रापंचिकांच्या समितीने मिशनकार्याचा फेरविचार करणारा जो बहुचर्चित अहवाल दिला, त्यामागे ईश्वरविद्येतील नवे प्रवाह होते हे खरे. पण तो वाचला गेला तो रिकाम्या तिजोरीच्या काळात, हेही ध्यानात घ्यावे. स्वावलंबी मंडळीचा विषय आमच्याकडे तत्त्व म्हणून जितका आला, तितकाच गरज म्हणूनही आला.

पुन्हा डेट्रॉईटकडे वळू. सप्टेंबर १९३० मध्ये फ्रँक मर्फी हे कॅथलिक न्यायाधीश तेथील महापौर झाले. भुकेल्याला अन्न देणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे, असे ते उघडपणे म्हणत. रिकाम्या कारखान्यांच्या इमारतींत त्यांनी बेघर पुरुषांसाठी निवारे उघडले, पडीक जमिनीवर बेकारांना भाजीपाला पिकवू दिला. अडचण पैशाची होती. फोर्ड यांचा प्रचंड कारखाना शेजारच्या डिअरबॉर्न गावाच्या हद्दीत होता. त्याचे कर डिअरबॉर्नला मिळत आणि तेथून काढलेले बहुसंख्य कामगार मात्र डेट्रॉईटच्या मदतीवर जगत. कर्ज देणाऱ्या बँकांनी खर्च कापण्याची अट घातली आणि मर्फींना हजारो कुटुंबांची नावे यादीतून काढावी लागली. जून १९३२ मध्ये त्यांनी देशभरच्या महापौरांची परिषद डेट्रॉईटमध्ये भरवून केंद्र सरकारकडे मदत मागितली. शहराच्या झोळीत जे मावत नव्हते, त्याला राष्ट्राने हात लावला पाहिजे, हा विचार तेव्हा फार धीट होता.

त्यापूर्वी तीन महिने, ७ मार्च १९३२ रोजी, कडाक्याच्या थंडीत काही हजार बेकार डेट्रॉईटहून डिअरबॉर्नच्या कारखान्याकडे चालत गेले. मोर्चा साम्यवाद्यांनी काढला होता. काम द्या, कंपनीच्या रुग्णालयात उपचार द्या, कृष्णवर्णीयांना वेगळे वागवू नका, हिवाळ्यापुरता कोळसा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. डिअरबॉर्नच्या पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोठवणाऱ्या पाण्याचे फवारे मारले, आणि पोलिसांच्या व कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी चार जण ठार झाले. पाचवा जखमी काही महिन्यांनी वारला. तो कृष्णवर्णीय होता. ज्या दफनभूमीत त्याच्या चार सोबत्यांना मूठमाती मिळाली होती, तिच्यात त्याला जागा नाकारण्यात आली. मोर्च्याच्या मागण्या वाचताना आम्ही एका गोष्टीपाशी थांबलो. त्यांतील बहुतेक मागण्या पोप तेरावे लिओ आणि पोप अकरावे पायस यांच्या सामाजिक परिपत्रकांतील तत्त्वांशी जुळणाऱ्या आहेत. तरीही त्या रस्त्यावर मांडणारे लाल झेंड्याखाली होते, ख्रिस्तसभेच्या पताकेखाली नव्हते.

कृष्णवर्णीयांच्या चर्चेसची कोंडी आणखी अवघड होती. फोर्ड कंपनी इतर मोटार कारखान्यांपेक्षा कितीतरी अधिक कृष्णवर्णीयांना काम देई, आणि ते मिळविण्यासाठी पाळकाची शिफारसचिठ्ठी चाले. सेकंड बॅप्टिस्ट चर्चचे पाळक रॉबर्ट ब्रॅडबी यांच्या चिठ्ठीला वजन होते. हे पाळक कंपनीविरुद्ध बोलत नसत. बोलले असते तर चिठ्ठीची किंमत संपली असती आणि सभासदांच्या घरातील भाकरीही. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे, आम्ही म्हणणार नाही. रेव्ह. चार्ल्स हिल यांनी मात्र आपले हार्टफर्ड ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च कामगार संघटनेच्या सभांसाठी उघडले. मेक्सिकन मजुरांना तर शिफारस करणाराही नव्हता. १९३१ ते १९३३ या वर्षांत त्यांच्यातील हजारोंना गाड्यांत बसवून सीमेपार पाठविण्यात आले. पुष्कळांच्या मुलांचा जन्म अमेरिकेत झालेला होता, ती मुले तेथील नागरिक होती. याच सुमारास मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात कारखान्याची भव्य भित्तिचित्रे रंगवीत होते. मार्च १९३३ मध्ये ती खुली झाली तेव्हा काही धर्मगुरूंनी गदारोळ केला, कारण बालकाला लस टोचण्याच्या एका चित्रात त्यांना ख्रिस्तजन्माची विटंबना दिसली. रिव्हेरांच्या देशबांधवांनी भरलेल्या आगगाड्या निघाल्या, तेव्हा इतका गदारोळ झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता त्या दोन धर्मगुरूंविषयी, ज्यांच्यामुळे मुळात आम्हांला हा विषय लिहावासा वाटला. दोघेही कॅथलिक, दोघेही एकाच बिशपांच्या क्षेत्रातले, एकमेकांपासून काही मैलांच्या अंतरावर राहणारे.

चार्ल्स कॉगलिन १९२६ साली डेट्रॉईटच्या रॉयल ओक या उपनगरात नव्या धर्मग्रामाचे प्रमुख होऊन आले. कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनने त्यांच्या आवारात क्रूस जाळला. त्याला उत्तर म्हणून त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थानिक नभोवाणी केंद्रावरून मुलांसाठी धर्मशिक्षणाची भाषणे सुरू केली. आवाज मधाळ होता, भाषा सोपी होती. मंदी आल्यावर ते बँकर, सावकारी आणि कामगाराचा न्याय यांवर बोलू लागले. पोप अकरावे पायस यांचे १९३१ चे ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्रक ज्या कामगाराने कधीही वाचले नसते, त्याच्या स्वयंपाकघरात ते कॉगलिन यांनी पोहोचविले. त्यांच्या श्रोत्यांची संख्या ३ कोटींपर्यंत होती असा अंदाज केला जातो. आठवड्याला ८० हजारांपर्यंत पत्रे येत असे सांगतात, आणि ती उघडण्यासाठी शंभरावर कारकून होते. पाकिटांत डॉलरच्या नोटाही असत. त्यांतून १९३१ साली दगडी क्रूसमनोरा उभा राहिला.

कॉगलिन यांचे प्रारंभीचे निदान चुकीचे नव्हते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ‘तू आळशी नाहीस, तुझ्यावर अन्याय झाला आहे’ एवढे एक वाक्य ऐकण्यासाठी तो समाज आसुसला होता, आणि ते वाक्य उच्चारणारा धर्मगुरू त्यांना मिळाला. लाजेचे ओझे त्यांनी लोकांच्या माथ्यावरून उतरविले. पण ओझे उतरविल्यावर ते कोठे ठेवायचे, या ठिकाणी त्यांचा पाय घसरला. लाजेचा राग होतो आणि रागाला चेहरा हवा असतो. प्रथम तो चेहरा बँकरचा होता. नंतर रूझवेल्ट यांचा झाला, ज्यांना १९३२ साली कॉगलिन यांनी डोक्यावर घेतले होते. अखेरीस तो ज्यूंचा झाला. चांदीचा भाव वाढवा असे सांगणाऱ्या कॉगलिन यांच्या संस्थेच्या वतीने पाच लाख औंस चांदीत पैसा गुंतविला गेल्याचे १९३४ साली उघडकीस आले. १९३६ साली त्यांच्या पाठिंब्याच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला नऊ लाखांहूनही कमी मते पडली. १९३८ साली त्यांच्या साप्ताहिकाने ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाविषयीचे बनावट दस्तऐवज छापले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेल्यावर काही दिवसांतच त्यांनी नभोवाणीवरून नाझींच्या कृत्याचे स्पष्टीकरण साम्यवादाला दिलेले उत्तर म्हणून केले.

हे चालू असता ख्रिस्तसभा काय करीत होती? डेट्रॉईटचे बिशप गॅलघर यांनी जानेवारी १९३७ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत त्यांना पाठीशी घातले. सामाजिक न्यायाचे थोर अभ्यासक मॉन्सिन्यर जॉन रायन यांनी १९३६ साली नभोवाणीवरूनच त्यांचा प्रतिवाद केला, तेव्हा त्यांच्यावर कॅथलिकांच्याच संतप्त पत्रांचा पाऊस पडला. शिकागोचे कार्डिनल मंडेलिन यांनी डिसेंबर १९३८ मध्ये कॉगलिन हे ख्रिस्तसभेचे मत मांडत नाहीत असे जाहीर केले. त्यांना पूर्णपणे गप्प बसविले गेले ते मे १९४२ मध्ये, आर्चबिशप मूनी यांच्या आज्ञेने, आणि तेही सरकारने त्यांच्या साप्ताहिकाला टपालबंदी केल्यावर. आज्ञा त्यांनी पाळली, इतके त्यांच्या बाजूने सांगता येते. १९६६ पर्यंत ते त्याच धर्मग्रामात होते.

दुसरे धर्मगुरू सोलॅनस केसी. त्यांचा जन्म १८७० साली विस्कॉन्सिन राज्यात आयरिश स्थलांतरितांच्या सोळा मुलांच्या कुटुंबात झाला. लाकूडतोड, तुरुंगाचा पहारा, ट्राम चालविणे अशी कामे करून ते उशिरा सेमिनरीत आले. तेथील अध्यापन जर्मन आणि लॅटिन भाषांत चाले, आणि केसी यांना दोन्ही जड गेल्या. परक्या भाषेत ईश्वरविद्या घोकताना दमछाक झालेले विद्यार्थी आमच्याही सेमिनऱ्यांत कमी नाहीत. त्यांतील किती जणांना आपण मंदबुद्धी ठरविले असेल! १९०४ साली केसी यांना गुरुदीक्षा मिळाली ती अटीवर: मिस्सा अर्पण करावी, पण पापनिवेदन ऐकू नये आणि धर्मसिद्धांतांवर प्रवचन देऊ नये. असा धर्मगुरू मठात करणार काय? त्यांना दारावर बसविण्यात आले. १९२४ ते १९४५ अशी एकवीस वर्षे ते डेट्रॉईटच्या सेंट बोनाव्हेंचर कॅपुचिन मठाचे द्वारपाल होते. घंटा वाजली की उठून दार उघडणे, हे त्यांचे काम.

मठाच्या दारावर पाव आणि कॉफी मागणारे पूर्वीही येत. १९२९ च्या हिवाळ्याआधी ते इतके वाढले की २ नोव्हेंबर १९२९ रोजी शेजारच्या सभागृहात अन्नछत्र सुरू करावे लागले. शेअरबाजार कोसळून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. यावरून डेट्रॉईटची उपासमार त्याआधीची होती हे पुन्हा सिद्ध होते. गर्दी वाढत दिवसाला हजाराच्या पुढे गेली, कधी दोन हजारांपर्यंत. फ्रान्सिस्कन तृतीय संघाचे प्रापंचिक पुरुष आणि स्त्रिया सूप शिजवीत, आसपासच्या शेतांवर जाऊन भाजीपाला गोळा करीत, बेकऱ्यांतून शिळा पाव आणीत. एके दिवशी पाव संपला, रांग उभीच होती, केसी यांनी सर्वांना प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली आणि थोड्याच वेळात बेकरीची गाडी दारात आली, ही कथा डेट्रॉईटमध्ये सांगतात. तिला चमत्कार म्हणावे किंवा नाही, यावर आम्ही वाद घालणार नाही. आमच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी बाब तिच्याहून साधी आहे. त्या रांगेत लायकीची तपासणी नव्हती. अर्ज नव्हता, तपासनीस नव्हता, दारूचा वास येतो काय हे पाहिले जात नव्हते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात भुकेल्याला तो भुकेला का झाला असे कोणी विचारीत नाही. तो अध्याय त्या दारात अक्षरशः पाळला गेला. न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मोरँ यांनी १ मे १९३३ पासून एक सेंट किमतीचे ‘कॅथलिक वर्कर’ पत्र काढून आणि अतिथिगृहे उघडून हेच तत्त्व जाणीवपूर्वक मांडले. केसी यांनी ते कोठेही मांडल्याचे आम्हांला ठाऊक नाही.

येथे एका मोहापासून आम्ही स्वतःस आवरतो. नभोवाणीवरील गर्विष्ठ धर्मगुरू आणि दारावरील नम्र धर्मगुरू असे दोन पुतळे समोरासमोर उभे करून प्रवचन संपविणे फार सोयीचे आहे. पण सुपाच्या वाटीने एकाही माणसाला नोकरी मिळाली नाही. फोर्ड यांचे कर डेट्रॉईटला मिळावेत, बँकांनी मदतीच्या याद्या कापू नयेत, हे काम कोणत्याही अन्नछत्राच्या आवाक्यातले नव्हते. नीबूर असते तर त्यांनी नेमके यावर बोट ठेवले असते: दयेने न्यायाची जागा घेतली की दया हीच अन्यायाची सोबतीण होते. ती जागा भरली ती मर्फींसारख्यांनी. ते १९३७ च्या आरंभी मिशिगनचे गव्हर्नर झाले तेव्हा फ्लिंट येथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले होते. मर्फींनी सैन्य बोलावले खरे, पण कामगारांना हुसकण्यासाठी ते वापरण्यास नकार दिला. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने संघटनेला मान्यता दिली. १४ ऑगस्ट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळ आणि बेकारी हा प्रथमच हक्काचा विषय केला, तथापि शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले, म्हणजे बहुसंख्य कृष्णवर्णीय बाहेरच राहिले.

तरीही कायदा आणि संघटना यांच्याकडे नसलेली एक गोष्ट त्या दारापाशी होती, आणि ती काय होती हे केसी यांच्या वह्यांवरून कळते. येणाऱ्यांच्या विनंत्या लिहून ठेवाव्यात अशी आज्ञा त्यांना वरिष्ठांकडून १९२३ साली मिळाली होती. त्या वह्यांत सहा हजारांहून अधिक नोंदी आहेत. माणसाचे नाव, त्याचे दुःख, आणि पुढे काही कळले तर त्याची एखादी ओळ. आजारी मूल, दारुड्या नवरा, गेलेली नोकरी. १९२५ च्या एका नोंदीत तर एका कामगाराच्या विनंतीवरून शेवरोले मोटार कंपनीचेच नाव प्रार्थनेसाठी दाखल केलेले आहे. रॉयल ओकच्या मनोऱ्याकडे येणाऱ्या पत्रांची संख्या अर्थातच याच्या कित्येक पट होती; ती शंभर कारकून उघडीत. या सहा हजार नोंदी बव्हंशी एकाच हाताच्या आहेत, आणि दार उघडताना तो हात मोकळा करण्यासाठी लेखणी वारंवार खाली ठेवावी लागली असली पाहिजे.

केसी १९५७ साली वारले. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी डेट्रॉईटच्या फोर्ड फील्ड या क्रीडागारात साठ हजारांच्या आसपास लोकांच्या उपस्थितीत त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. कॅपुचिनांचे अन्नछत्र त्या शहरात अजून चालू आहे.